दोन गुण, एक दोष आणि उपाय

हिंगोली, मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप संपतमामांच्या पायी संतरामचा दंडवत. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे खाणावळीच्या वरणावर माणूस जेवढा खुशाल राहतो तेवढा. मामीचा गुडघा तिला जात्यापुढे बसू देतो का, आणि तुमच्या भुऱ्या म्हशीने लाथा मारणं सोडलं का, ते कळवावं. (दोघींची चौकशी एकाच ओळीत केली हे मामीला वाचून दाखवू नये.)

तुमचं पत्र पोचलं. माझ्या लग्नाची बोलणी ठरत आलेली असताना व्यंकटराव एकाएकी थंड का पडले, आपल्या द्वारकेचं लग्न 'बघू संक्रांतीनंतर' असं का म्हणू लागले, आणि यात माझा काही हात आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे. पण आधी सगळं ऐकून घ्या. ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल की ही सोयरीक मोडली ते बरं झालं.

व्यंकटरावांचा थोरला, भुजंग, माझ्याच वर्गात मास्तरकीचं शिक्षण घेतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तो गेल्या साली नापास झाला, म्हणून यंदा माझ्या मांडीला मांडी लावून बसतो. आमचे मोठे मास्तर दिवाळीत हैदराबादेला जाऊन आले ते एक नवीन खूळ घेऊन. प्रत्येकाने शेजाऱ्याचं विवेचन वाचायचं आणि त्यावर अभिप्राय लिहायचा. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून तो समासातच लिहायचा. आधी दोन गुण, मग एक दोष, शेवटी उपाय. वाचून लिहिणाऱ्याला उभारी आली पाहिजे, असा वर दंडक. आता ही रीत आपल्याकडे काय नवीन आहे? मुलगी नाकारताना आपण हेच करतो. अंगण छान सारवलंय म्हणतो, पोहे झकास झाले म्हणतो, आणि मग पत्रिका जुळत नाही म्हणतो. फक्त उपाय तेवढा सांगत नाही.

विवेचनाला धडा होता 'आळशी बैल आणि उद्योगी मुंगी'. (दर साली हाच असतो. मास्तर बदलतात, बैल तोच.) मुंगी खळ्यातून दाणा दाणा वाहते, बैल सावलीला लोळतो, शेवटी बैल उपाशी राहतो आणि मुंगी त्याला उपदेश करते. माझं विवेचन झोकात होतं. मुंगीच्या उद्योगावर मी तीन पानं खर्ची घातली होती. आणि भुजंगाने काय लिहावं? तर म्हणे बैल आळशी नाहीच. त्याने सालभर नांगर ओढला, खळं मळून दिलं आणि मग तो बसला. मुंगीने मात्र काही पेरलं नाही, ती दुसऱ्याच्या खळ्यातला आयता दाणा उचलून नेते. तेव्हा उद्योगी कोणाला म्हणायचं, हे धडा लिहिणाऱ्याने एकदा बैलाला विचारावं. मामा, मुंगीला चोर ठरवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मग मी अभिप्राय दिला. गुण पहिला: शाई चांगली आहे. गुण दुसरा: समास सरळ आखला आहे. दोष: उरलेलं सगळं. उपाय: लेखकाने शेतीकडे लक्ष द्यावं. मास्तरांनी तो मोठ्यांदा वाचायला लावला आणि वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गाचे मास्तर डोकावून गेले. भुजंग तेवढा हसला नाही. त्याने कागदाची घडी केली, अभिप्रायासाठी त्याच्याकडे आलेलं माझं विवेचनही पिशवीत घातलं आणि सुट्टीला गावी निघून गेला.

घरी व्यंकटरावांनी तो अभिप्राय लेकाकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "कागदात इतके खडे काढून राहिला, तर आमच्या पोरीच्या भाकरीत किती काढंल?" बोलणी तिथेच थंडावली. म्हातारा शहाणा आहे हे मी कबूल करतो, पण इतकं शहाणं असू नये.

खरी तकलीफ पुढेच आहे. भुजंग परत आला आणि त्याने माझं विवेचन माझ्यापुढे ठेवलं. समासात बारीक, ठसठशीत अक्षर. भुजंगाचं अक्षर तर पावसात भिजलेल्या कोंबडीने काढल्यासारखं असतं. मी विचारलं, हे कोणी लिहिलं? तो शांतपणे म्हणाला, "आमच्या द्वारकेनं. मी कशाला लिहितो? बैलाचंबी तिनंच लिहिलं व्हतं. गेल्या सालचंबी तिचंच."

तिचा अभिप्राय असा. गुण पहिला: अक्षर वळणदार आहे. गुण दुसरा: नक्कल करताना एकही ओळ सुटलेली नाही. दोष: मुंगीची ही स्तुती गेल्या साली मीच भावाला लिहून दिली होती; तेव्हा मला असं वाटत होतं, आता वाटत नाही. उपाय: मुंगीसारखा आयता दाणा उचलण्याऐवजी स्वतः लिहून पाहावं.

(खाणावळीच्या फडताळात एक जुनं बिननावाचं विवेचन पडलं होतं. ते कोणाचं, हे मला कसं कळावं? सगळा वर्ग तिथूनच उचलतो.) मामा, मला फार लागलं. चारचौघांत हसं झालं असतं तर सोसलं असतं, पण ही बाई मला बघितल्यावाचून ओळखून बसली आहे. विसावं सरत आलं तरी तिचं लग्न का जमत नाही, ते आता ध्यानात आलं. अशी बायको घरात आली तर मी वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा भीत भीत लिहीन. तरी आमचा नकार व्यंकटरावांना स्वच्छ कळवावा, ही विनंती. मामीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
संतराम

ता. क. नकार लगेच कळवू नये. थंडीत म्हातारी माणसं मनाला लावून घेतात.

ता. क. दुसरा. व्यंकटरावांना भेटाल तेव्हा सहज बोलता बोलता सांगावं, की पोरगं भाकरी निमूट खातं. खडा लागला तर गिळतं. खाणावळीत तीच सवय लागली आहे.

ता. क. तिसरा. सोबत बैलावर चार पानं जोडली आहेत. माझी मी लिहिली आहेत, फडताळ उघडलं नाही. ती द्वारकाबाईंच्याच हातात पडतील असं बघावं. भुजंगाकडे देऊ नये, तो वर्गात आपली म्हणून देईल. गुण सापडले नाहीत तरी चालेल म्हणावं. कागद मिळत नाही, तरी समास मुद्दाम रुंद सोडला आहे.