नांगराला हात

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई १२
रविवार, २ जून १९५७

ती. सौ. अंबिकावहिनीस,
धोंडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने कुशाबाबरोबर पाठवलेली पिशवीही पोचली. कुळथाचं पीठ खोलीत सगळ्यांनी खाल्लं. दादाच्या खोकल्यासाठी वेगळा बांधलेला अडुळसा मी ठेवून दिला आहे.

या वेळी कार्ड न टाकता पाकीट पाठवतोय. कार्ड तुमच्या हातात येईपर्यंत निम्मा गाव वाचून मोकळा होतो. तुम्ही तिसरीपर्यंत शिकलात याचं आज फार बरं वाटतं. दार लोटून घ्या आणि सावकाश वाचा. चंपाला जवळ बसवू नका.

इकडे उकाडा भयंकर. मी परवा डोकं तासून घेतलं, मिशीही काढली. आरशात बघितलं तर सोललेलं शहाळं. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात.

पाय बरा आहे, म्हणजे जो आहे तो बरा आहे. दुसरा गेल्या वर्षी जानेवारीत गोळीबारात गेला. लोक अजून खांद्यावर हात ठेवून म्हणतात, मुंबईसाठी पाय दिलास. मी काही दिला नाही, दूध आणायला गेलो होतो. आता खोलीवरच असतो. भाजी चिरतो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहितो. सगळ्यांना एकच मजकूर लागतो, फक्त बायकोचं नाव बदलायचं.

तुम्ही विचारलं होतंत की एवढ्या खोलीत एवढे जण मावता कसे. वहिनी, आम्ही निजतोसुद्धा जिल्ह्यासारखे. दाराशी राजापूरकडचे, मधे खारेपाटणचे, खिडकीशी आपण देवगडकडचे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच्या जागी. पण खारेपाटणचा माणूस चुकूनही राजापूरच्या जागेवर पडणार नाही. दादाची जागा खिडकीखाली आहे. वळकटी अजून तिथेच आहे.

त्याच भिंतीवर निवडणुकीच्या वेळी एकाने गेरूने संयुक्त महाराष्ट्र काढला. मुंबई चांगली टपोरी काढली, आणि आपल्या बाजूचा किनारा मात्र पट्टीने ओढल्यासारखा सरळ. दादा म्हणाला, "दर्याची कड अशी सरळ नसता रे." मग स्वतः कोळसा घेऊन बसला आणि एकेक खाडी आत वळवली. आपला गाव दाखवायला त्याने पानाचा चुना बोटावर घेतला आणि एक टिपका दिला. त्या चुन्याला आता पोपडे धरलेत. मी तिकडे कोणाला टेकू देत नाही.

फेब्रुवारीत गिरगावातून एक प्रोफेसर भाषणाला आले होते. भला माणूस, आपल्या जिल्ह्याबद्दल कळकळीने बोलला. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे सगळा कातळ, भाताची जमीन चिमूटभर. मग म्हणाला, तुमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेच्या वर बायका आहेत, मग पुरुष गेले कुठे? आमची सगळी खोली एकदम ओरडली, "हय!" मोठा हशा झाला. दादा हसला नाही. माझ्याकडे वाकून म्हणाला, "धोंड्या, त्या बाराशेत अंबिका इली मा?" पुढे खोकल्याने त्याला बोलू दिलं नाही.

आता तुमचा प्रश्न. मिरगाला दादा येणार का?

खोताचा कारकून बांधावर येऊन काय बोलला ते तुम्ही लिहिलंत. जमीन आता कसणाऱ्याची, तेव्हा यंदा शेतात ज्याचा नांगर दिसेल त्याचंच नाव मी तलाठ्याला सांगणार, असं म्हणाला. आपल्या घरचा नांगर नाही दिसला तर तो खोताचे बैल घालायला मोकळा. शेजाऱ्याला बोलवावं तर उद्या त्याचं नाव लागायचं. तुमची भीती खरी आहे. या खोलीतही कोणी कोणाच्या शेतात पाय घालायला तयार नाही. आणि मी आलो तरी नांगरामागे चालायला दोन पाय लागतात.

वहिनी, तुम्ही पेरता, लावता, कापता, झोडता. फक्त नांगराला हात लावत नाही, कारण आपल्या गावात बाईने नांगर धरला की घरधन्याच्या जिवावर येतं. बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी आईने शेत पड ठेवलं, आम्हाला कंदमुळं खायला घातली, पण जुवाला शिवली नाही. तुम्हीही दादासाठीच हात मागे ठेवलात, हे मला माहीत आहे.

दादा शिवडीला कामावर आहे असं मी गेले तीन महिने लिहीत होतो. तो शिवडीला क्षयाच्या इस्पितळात होता. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. गावात या रोगाचं नाव निघालं तर चंपाला कोण करून घेणार, हे एकच त्याच्या डोक्यात. गुरुवारी भेटायला गेलो तेव्हा तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "मी येतलंय म्हणान लिव." मी म्हटलं, बोटी बंद झाल्या. तर म्हणाला, "मगे घाटान येतंय."

शुक्रवारी सकाळी दादा गेला. भोईवाड्याला नेलं. कुशाबा आणि खोलीतली सगळी होती, अग्नी मी दिला. डोकं उकाड्यासाठी तासलेलं नाही.

वहिनी, मी खूप रडलो. तुम्हीही रडा, पण उशीत तोंड घालून. आवाज बाहेर जाऊ देऊ नका. पेरणी होईपर्यंत गावाला कळता कामा नये. घरात पुरुष उरला नाही हे कळलं तर तेराव्याच्या आत खोताचे बैल शेतात असतील. कुशाबाने आणि खोलीने माझ्याजवळ शब्द दिला आहे. कुंकू पुसू नका. बांगड्या राहू द्या. मिरगाला बैल जुंपा आणि नांगर तुम्ही धरा. आता ज्याच्यासाठी भ्यायचं तो राहिला नाही.

गाव काय म्हणेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. जित्या नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणतील. विहिरीवर तुमच्या कळशीला कळशी लावणार नाहीत. पुढे आषाढात मी दादा गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड टाकीन, तेव्हा म्हणतील, बघा, हिने नांगर धरला आणि रामू गेला. हे सगळं कपाळाला कुंकू ठेवून ऐकायचं आहे. मला दुसरा रस्ता सुचला नाही. आणि एवढं करून जमीन राहीलच, असंही मी सांगू शकत नाही.

खिडकीखालची जागा खोली चालवणाऱ्या मंडळाने देवगडकडच्याच एका पोराला द्यायची ठरवली आहे. त्याचंही नवीन लग्न झालंय. बायको गावाला आहे.

या पत्रावर मी श्री घातली, तुम्हाला सौ. लिहिलं, कोपरा तसाच ठेवला. पाकीट कोणी उघडलं तर पहिल्या ओळीत कळू नये म्हणून. सौ. लिहिताना हात थांबला होता. यापुढे ते लिहिता येणार नाही, म्हणूनही लिहिलं.

असली पत्रं घरात ठेवत नाहीत, वाचली की फाडतात. हे फाडू नका. भाताच्या कणगीत खाली पुरून ठेवा. चंपा मोठी होईल आणि गाव तिच्या कानात घालील, की तुझ्या आईने तुझा बाप खाल्ला. तेव्हा तिला हे पत्र द्या आणि वरची तारीख बघायला सांगा. त्या दिवशी मिरग लागला नव्हता आणि तुमचा हात नांगराला लागला नव्हता.

दादाच्या मागे उरलेला,
तुमचा दीर
धोंडू