दोन सीटांची गाडी आणि गेरिट बूर्स्मांची अंत्ययात्रा

न्यू फ्रिसलँड, मिशिगन
बुधवार, सकाळची भांडी आवरून

ती. गर्ट्रूडवन्संना आर्डिथचा सादर नमस्कार.

तुमचं खुब्याचं दुखणं उतरलं असेल, आणि भाऊजींनी खारवलेलं डुकराचं मांस (निदान तुमच्यासमोर) खाणं सोडलं असेल अशी आशा करते. दोघांसाठी रोज प्रार्थना चालू आहे. तुमच्या खुब्यासाठी सकाळी, भाऊजींसाठी सकाळ-संध्याकाळ. आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत, फक्त तुमच्या धाकट्या भावाचं डोकं फिरलंय. घाबरू नका, डॉक्टरचं काम नाही. गाडी आणलीय.

अडतीस वर्षं कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या करून हे वसंतात निवृत्त झाले. तेव्हा मला वाटलं, आता टोमॅटो लावतील. तर गेल्या आठवड्यात आपली व्हॅन (सात माणसं, शिवाय सूपचं मोठं पातेलं, अकरा वर्षं विनातक्रार) वर्न डायखाउसच्या गाड्यांच्या दुकानात देऊन ती नवी अमेरिकन स्पोर्ट्स कार घेऊन आले, जिचं चित्र ते वर्षभर बायबलमध्ये खुणेला ठेवत होते. वर्न आपल्याच चर्चमधला, सज्जन. तो म्हणाला, "आर्डिथवहिनी, शनिवारी दुपारी बारापर्यंत तुम्ही नको म्हणालात तर गाडी परत, व्हॅन परत. बाराच्या पुढे मात्र माझ्या हातात नाही." म्हणून हे पत्र. आई गेल्यावर तुम्हीच यांना वाढवलंत. हे जगात दोघांनाच भितात, देवाला आणि तुम्हाला. आणि देव क्षमा करतो याची त्यांना खात्री आहे. तेव्हा शनिवारी बाराच्या आत फोन करून चांगलं झाडा.

उगाच नावं ठेवते असं नको वाटायला, म्हणून तपशील देते. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण डोळे देताना देवाने पदवी विचारली नव्हती. पुढून पाहिलं तर गाडी शिंक येता येता अडलेल्या माणसासारखी दिसते. दोन्ही कुशींना माशासारखे कल्ले, जणू पोहून जायचंय. मागे एका इंजिनाला चार धुराडी. इंजिन पुढे नाही, सीटांच्या पाठीमागे आहे, आणि ते दिसावं म्हणून त्यावर काच! मागचा रस्ता मात्र दिसत नाही, त्यासाठी कॅमेरा. म्हणजे झाकायचं ते उघडं आणि बघायचं ते झाकलेलं. (पाद्रीसाहेबांनी उन्हाळी कपड्यांवर हाच आक्षेप घेतला होता.) इंजिन मागे का, असं विचारलं, तर यांनी जेवण थंड होईपर्यंत मिठाची बाटली आणि उकडलेला बटाटा टेबलावर फिरवून दाखवला. वजन मध्ये असलं की वळणावर गाडी घसरत नाही म्हणे. आमच्या घरापासून चर्चपर्यंत वळण एकच आहे, आणि तिथे थांबा अशी पाटी आहे. आत शिरायला आधी गुडघे टेकावे लागतात आणि बाहेर पडताना प्रभूचं नाव आपोआप तोंडी येतं. एवढीच काय ती गोष्ट मला धर्माला धरून वाटली.

आता सोमवारचं ऐका. गेरिट बूर्स्मा वारले (ब्याण्णव, झोपेत, देव सगळ्यांना असं मरण देवो). घरात दुसरी गाडी नाही, म्हणून अंत्ययात्रेला हीच. रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या टपावर लोहचुंबकाचा जांभळा झेंडा बसवतात ना, तो आमच्या टपावरून तीनदा घसरला. झेंडे लावणारा माणूस म्हणाला, "हार्लनभाऊ, अख्ख्या गाडीत लोखंड कुठंच नाही?" हे अभिमानाने म्हणाले, "वजन वाचवलंय." तो म्हणाला, "पैसे सोडून सगळं वाचवलेलं दिसतंय." शेवटी चार मैल तो झेंडा मी खिडकीतून हातात धरला. गाडी इतकी बुटकी की मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, कोणीतरी पायी चाललंय. आणि ही गाडी हळू चालत नाही, नुसती गुरगुरते. पुढच्या शववाहिनीच्या चालकाला वाटलं, आपल्याला घाई करताहेत. त्याने वेग वाढवला, यांनी अंतर राखायला पाय दाबला, ती डरकाळली, त्याने आणखी वाढवला. गेरिट आयुष्यभर ट्रॅक्टरवर ताशी पंधरा मैलांच्या पुढे गेले नाहीत, शेवटच्या प्रवासाला पंचेचाळीसने गेले.

त्यावर कडी म्हणजे जेवण. माझं हिरव्या जेलीचं सॅलड, अननस आणि किसलेलं गाजर घातलेलं, एकोणतीस वर्षं एकाही मयतीला चुकलेलं नाही. नेहमीसारखं मी ते मागच्या डिकीत ठेवलं. इंजिनाची सगळी धग तिथेच जाते, हे बटाट्याने सांगितलं नव्हतं. चर्चच्या तळघरात झाकण काढलं, तर हिरवं सूप आणि त्यात गाजर पोहतंय. चर्चच्या महिला मंडळातली एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आर्डिथ, बशीत वाढू की पेल्यात ओतू?"

मी टेनाबाईंची (गेरिट यांच्या पत्नी, चौऱ्याऐंशीच्या) माफी मागायला गेले, झाल्या दौडीबद्दल. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "साठ वर्षं मी सांगत होते, अहो, जरा जोरात चालवा. आज ऐकलं मेल्याने." आणि मग, "हार्लन, मला एक फेरी मारून आण." मी पातेलं घेऊन पायरीवर उभी राहिले. वीस मिनिटांनी परतल्या त्या टोपीशिवाय, हसताहेत की रडताहेत ते कळेना. उतरून त्यांनी दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "काय ग बाई, किती अलगद लागतं हे!" त्या म्हणाल्या. वन्सं, ती बिजागरी यांनी केलेली, निवृत्तीआधीची शेवटची. अडतीस वर्षांत यांच्या बिजागरीबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. मीसुद्धा नाही. हे रुमाल काढून काच पुसत बसले. काच स्वच्छ होती.

असो. तत्त्व ते तत्त्व. शनिवारचा फोन विसरू नका. भाऊजींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
आर्डिथ

ता. क. फार कडक बोलू नका. बिजागरीचा तर विषयच नको.

ता. क. दुसरा : या गाडीला बर्फ आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ चालत नाही म्हणे. तुमचं बटाट्याचं कोठार नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रिकामं असतं का? उंदीर आहेत का, तेही कळवा.

ता. क. तिसरा : शनिवारी सकाळी फोन केलात तर तुमचे बंधू घरीच भेटतील. टेनाबाईंना सरोवर बघायचंय, आणि सीटं दोनच आहेत, म्हणून मीच नेते आहे. वर्नला सांगून ठेवलंय, दोनच्या आत आम्ही परत येत नाही.