दारामागं कोण शे

मखमलाबाद, नाशिक
१४ नोव्हेंबर २०२४

ती. सगुणामावशीस,
बहिरूचा सा. न. वि. वि.

हे पत्र फकिराभाऊंच्या टेम्पोत देतोय. पूजाताईच्या फोनवर टाकलं की ती आधी वाचते आणि तुला अर्धंच दाखवते. तुला ऐकू येत नाय म्हणून सगळे तुला थोडक्यात सांगतात, ते मला आवडत नाय. मी लिहीन ते सगळं लिहीन.

दिवाळीचा झेंडू संपला, आता शेवंती चालू आहे. सकाळी आई आणि मी फुलबाजारात जातो. गोण्या मी उचलतो, भाव आई बोलते. गिऱ्हाइकानं मला काय विचारलं तर मी आईकडं बघतो. आई म्हणते, शाळा सोडलीस ते सोडलीस, आता बोलणंपण सोडलंस का.

एक नवीन सांगतो. गल्लीतला ज्ञानेश आठवतो का, मोठ्या कानांचा? तो कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. तो, रुद्र, साई आणि मी, असा आम्ही बँड केलाय. नाव ठेवलंय चौघं. आठ गाण्यांचा अल्बम करतोय. आडगावकडं ज्ञानेशच्या काकांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज बंद पडलंय. त्यातल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. भिंती एवढ्या जाड की हायवेचा ट्रकपण ऐकू येत नाय. दार फक्त बाहेरून उघडतं, म्हणून एक जण कायम बाहेर स्टुलावर बसतो. आत अजून द्राक्षांचा आंबूस वास येतो.

गातो रुद्र. दिसायलापण तोच भारी आहे, रोज जिमला जातो. साई मधेमधे भरभर बोलतो. मी मागं उभा राहून डबी हलवतो, आत मोहरी भरलेली. मी गातो-बितो असं कोणी सांगितलं तर खरं मानू नको.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
बहिरू


सटाणा
२५ नोव्हेंबर २०२४

चि. बहिरूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

फकिरानं पत्र दिलं. त्याला कांद्याच्या गोण्यांत ते दोन दिवस सापडंना, म्हणून उशीर. मी बरी शे. खळ्यावर लाल कांदा निवडायला जाते. पूजा म्हणते, आई, तू मराठी लिहिताना तरी आहेच्या जागी शे लिहू नको. मी म्हटलं, सातवीपर्यंत शिकले तेवढं पुरे, मना हात माझं ऐकत नाही.

नाव तुझं बहिरू आन् बहिरी मी. देवानं चिठ्ठी चुकीच्या घरी टाकली.

डबी हलवतो हे चांगलं. पण त्याच्यात एवढं पत्र लिहिण्यासारखं काय शे ते कळलं नाही. मोहरीची डबी तर मांजरपण हलवतं. तू लहानपणी खळ्यावर गोण्यांच्या ढिगावर बसून दिवसभर गायचा, बायका कांदा निवडायचं सोडून ऐकत बसायच्या. ते मी कानांनी ऐकलेलं शे. तू सहा वर्षांचा असताना माझे कान गेले. मग तू माझ्याशी नुसते ओठ हलवून बोलायला लागला. आवाजाचा मला काय उपयोग, असं तुला एवढ्या वयात कळलं. दहाव्या वर्षी तुझी आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, अक्का, तू माझं पोरगं मुकं केलं. ती रागात बोलली, विसरलीपण असेल. मी नाही विसरले.

म्हणून विचारते, तू खरंच नुसती डबी हलवतो?

थंडी पडली. कान बांधून फिर, तुझे चालू शेत.
तुझी,
सगुणामावशी


मखमलाबाद
१९ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
बहिरूचा नमस्कार पोचावा.

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. इथं काय चाललंय ते मलाच कळत नाय. अल्बम एक तारखेला आला. अल्बमचं आणि पहिल्या गाण्याचं नाव एकच, कोण शे. आठ दिवस कोणी विचारलं नाय. मग एका लग्नात कोणीतरी त्याच्यावर नाचून रील टाकलं आणि तिथून जे सुटलं ते सुटलं. आता रिक्षात तेच, चांदवडच्या टोलनाक्यावर तेच. फुलबाजारातला पोलीस शिट्टी वाजवायची सोडून तेच गुणगुणतो. शाळेतली पोरं एकमेकांचे डोळे झाकून विचारतात, कोण शे.

मावशी, हाच शब्द. पाचवीत इथल्या शाळेत आलो तेव्हा बाईंनी नकाशावर नाशिक दाखवायला सांगितलं आणि मी बोललो, नाशिक आठे शे. तेव्हापासून नववीत शाळा सोडेपर्यंत मला शेळी म्हणायचे. मी वर्गात शिरलो की बें बें करायचे. त्यातलाच एक परवा दुकानात मोठ्यांदा म्हणत होता, दारामागं कोण शे. मी मागं उभा होतो. त्यानं ओळखलंपण नाय.

रुद्रला बाहेर पडता येत नाय, पोरी सेल्फी मागतात. त्याचे मामा गोटीरामशेठ, ज्यांचा डीजे आणि मंडप आहे, तेच आता आमचं सगळं बघतात. पूजाताईला व्हिडिओ दाखवायला सांग. मी मागं आहे, काळा चष्मा लावलेला.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, हो, डबीच हलवतो.

राग धरू नको.
बहिरू


सटाणा
२७ जानेवारी २०२५

चि. बहिरूस,
आशीर्वाद.

व्हिडिओ सहा वेळा पाहिला. पूजाच्या फोनची बॅटरी संपवली.

मी पूजाला विचारलं, हा पोरगा काय म्हणतो. ती म्हणाली, कोण शे म्हणतो. मी म्हटलं, नाही, हा कोण आहे म्हणतो. ती म्हणाली, आई, सारा महाराष्ट्र ऐकतोय. मी म्हटलं, महाराष्ट्र ऐकतो, मी पाहते. आहे म्हणताना तोंड उघडतं. शे म्हणताना दात जवळ येतात आन् ओठ पुढं. त्या गोऱ्या पोराचं तोंड पहिल्या कडव्यात दोनदा उघडलं. नंतर तो मान फिरवतो, हात आडवा घेतो.

मागचा चष्म्याचा पोरगा डबी हलवत होता. त्याचे ओठ मात्र दर वेळी पुढं आले. त्याला वाटलं असेल, आवाज केला नाही म्हणजे कोणाला कळणार नाही. सवय शे ना.

चार वर्षं ते ओठ मी रोज वाचले, बहिरू. मला फसवायला तुला सारं तोंडच झाकावं लागेल.

अजून कोणाला बोलले नाही. पूजालापण नाही. तू लिही. खरं लिही.
मावशी


मखमलाबाद
२ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
बहिरूचा नमस्कार.

तुझं पत्र चार ठिकाणी लपवलं आणि शेवटी चुलीत टाकलं. माफ कर.

हो, मीच गायलो. आठही गाणी. आधी तसं ठरलं नव्हतं. रुद्रला वरचा सूर लागत नव्हता. त्याला चाल समजावी म्हणून ज्ञानेशनं मला एकदा गाऊन ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, दिवा बंद करा आणि दार लावा, मग गातो. त्या खोलीत दार लागलं की मी नसल्यासारखाच असतो. कागदावर कोण आहे असंच लिहिलं होतं. अंधारात कागद दिसेना आणि तोंडातून आपोआप शे गेलं. बाहेर आल्यावर मी ज्ञानेशच्या हातापाया पडलो की ते पुसून टाक. तो म्हणाला, तू वेडा आहेस का, गाणं आत्ता झालं. रुद्रनं मात्र जुना कागदच पाठ केला होता. शूटिंगला त्याचं तोंड चुकलं ते मी बघितलं आणि गप्प बसलो.

गोटीरामशेठनी ऐकलं आणि म्हणाले, गळा याचा, चेहरा त्याचा, यात कोणाचं काय जातंय. मला विचारलं होतं. मी मान हलवली. मावशी, खरं सांगतो, मला बरंच वाटलं. लोकांनी माझ्याकडं बघितलं की मला शाळेतलं बें बें ऐकू येतं.

आता मोठं लचांड झालंय. दोन मार्चला तुमच्या सटाण्यातच कार्यक्रम आहे, मार्केट यार्डाच्या पटांगणात. आपल्या बोलीत गायला म्हणून तुमची मंडळी रुद्रचा सत्कार करणार आहेत. त्यांनी अट घातलीय की नुसतं गाणं लावून नाचायचं नाय, माईकवर गायचं. शेठनी तोड काढली. स्टेजवर काळा पडदा, मागं मी माईक घेऊन उभा राहणार. पुढं रुद्र तोंड हलवणार.

काल रुद्र फुलबाजारात आला होता. टोपी-मास्क घालून माझ्या शेजारी गोणीवर बसला. म्हणाला, बहिऱ्या, मला रोज वाटतं कोणीतरी येऊन माझं तोंड धरेल. म्हणाला, काही झालं तरी पडद्यामागं मधेच थांबू नको, नाहीतर मी तिथंच मरेन. तो वाईट नाय गं. मी शब्द दिलाय.

तू कोणाला सांगू नको. पाया पडतो. आणि कार्यक्रमाला येऊ नको, गर्दी लय असेल.
बहिरू


सटाणा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. बहिरूस,
आशीर्वाद.

कोणाला सांगणार नाही. शब्द दिला तर तो कसा पाळायचा ते तू पाहा, त्याच्यात मी पडत नाही. त्या पोराची मला दया आली. तोंड हलवायचं आन् आत काही नाही, हे लय थकवणारं काम शे.

पण मी येणार. पुढच्या रांगेत बसणार. खळ्यावरच्या सगळ्या बायका येणार शेत, फकिरा टेम्पो देतोय.

मना एकच म्हणणं शे, ते ऐक. तू पडद्यामागून गाशील तर साऱ्या सटाण्याला ऐकू जाईल. एक मला सोडून. माझ्या समोर गोरा पोरगा आन् काळं फडकं, एवढंच.

अकरा वर्षं झाली तुझं गाणं ऐकून. आता ऐकायचं नाही, पाहायचं शे.

येताना मोगऱ्याचा हंगाम नसेल, तर शेवंती आण.
मावशी


मखमलाबाद
२७ फेब्रुवारी २०२५

मावशीस,
नमस्कार.

थोडंच लिहितो, फकिराभाऊ खाली हॉर्न वाजवतायत.

आज तालीम झाली. पडदा जाड आहे, मागून काहीच दिसत नाय, खोलीसारखंच आहे. शेठ खूश आहेत. मी तुझं पत्र रुद्रला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. नंतर तालमीत त्याचं तोंड पुन्हा चुकलं, आहे म्हणाला. शेठनी सगळ्यांसमोर त्याला शिव्या घातल्या.

मावशी, मी बाहेर येईन असं मी म्हणत नाय. मी खोटं आधीच लय बोललोय, आता नको. तू पुढं बसू नको ना.

शेवंती आणतो.
बहिरू


सटाणा
९ मार्च २०२५

चि. बहिरूस,
मावशीचे भरपूर आशीर्वाद.

तू घाईत टेम्पोत बसून गेला, बोलणं झालंच नाही. तुझ्या आईनं पूजाच्या फोनवर विचारलं की काय झालं ते कोणीच नीट सांगत नाही. तू काय सांगणार, तू तर डोळे मिटून होता. म्हणून मी पाहिलं ते लिहिते. हे पत्र तिला वाचून दाखव.

पहिलं गाणं चालू झालं. मला कळलं, कारण खुर्ची हलायला लागली. गोरा पोरगा पुढं येऊन तोंड हलवत होता. बरोबर हलवत होता, शेला शे. पोरं नाचत होती. मी पडद्याकडं पाहत होते. पूजा मला कोपर मारून म्हणाली, आई, इकडं पाहा ना, भलतीकडं काय पाहते.

मग तो पोरगा थांबला. तोंड मिटून सरळ उभा राहिला. तरी लोक नाचतच होते, म्हणजे गाणं चालूच होतं. हळूहळू पुढच्या रांगा थांबल्या. एकेकाचा हात खाली आला. साऱ्या यार्डात माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. गोटीरामशेठ बाजूनं हातवारे करत होता. पोरगा मागं वळला, पडद्याशी गेला आन् त्यानं पडदा एका बाजूला ओढून धरला. तू शब्द पाळला, मधे थांबला नाही. थांबला तो, आन् त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तू आत उभा होता, भिंतीला पाठ लावल्यासारखा. मला वाटलं, हा आता पळतो. साऱ्या बायकांनी माझा हात धरला. त्यांना काही माहीत नव्हतं, पण तुझं तोंड त्यांनी ओळखलं, गोण्यांवरचं. तू एक पाऊल टाकलं, मग माईकची वायर पायात अडकली, मग दुसरं टाकलं. पुढं आला. त्या पोरानं खाली वाकून तुझी डबी उचलली आन् मागं जाऊन उभा राहिला. त्याला ती हलवता येत नाही, ते मला बहिरीलापण दिसलं.

समोरची सारी तोंडं एकदम उघडली. कोण शे, कोण शे. पाच हजार माणसांचे ओठ पुढं आले, ते मी मान वळवून पाहिलं. बें बें कोणीच केलं नाही. तुला डोळे मिटून कळलं नसेल म्हणून सांगते.

तू म्हणाला, मी शे.

ते गाण्यात नाही म्हणे. पूजा म्हणाली, हे नवीन घातलं. ती रडत होती आन् मला विचारत होती, आई, तुला कसं कळत होतं.

मागून काय काय झालं तेही शे. गोटीरामशेठ न जेवता गेला. सत्काराची शाल कोणाला घालायची यावर मंडळींची भांडणं झाली, ती अजून घडी घातलेलीच पडली शे. पेपरात एकानं फसवणूक असं छापलं. ते खरंच शे, त्याला राग मानू नको. त्या रुद्रला इकडं चार दिवस पाठव. त्याला आमच्या खळ्यावर काम देते आन् बोलीपण शिकवते.

तुझ्या आईला विचार, मुकं कोणी केलं होतं. नको, राहू दे, विचारू नको. नुसतं गाऊन दाखव.

शेवंती दाराला लावली, अजून ताजी शे.

एक चूक मात्र झाली. शेवटच्या कडव्यात तू दारामागं म्हणाला. शेवटी ओठ फाकले नाहीत तुझे तिथं. आपल्यात तसं नाही म्हणत. दारना मांगे म्हण. पुढच्या वेळी मी पुन्हा पुढंच बसणार शे.

तुझी,
सगुणामावशी