सफाचे छर्रे आणि माझी पेटी

अल नहदा, शारजा

प्रिय अन्वरी आपा,

अस्सलामु अलैकुम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? दुल्हाभाईंना माझा सलाम सांग. इकडे आम्ही तिघं घरात एसीने गारठून आणि बाहेर उन्हात भाजून एकंदरीत खुशाल आहोत.

सफा क्लबात एअर पिस्तूल चालवते हे तुला ठाऊकच आहे. (पिस्तूल क्लबातच कुलपात असतं, घाबरू नकोस.) गेल्या महिन्यात तिचा छर्रा निशाण्यामागच्या पत्र्यावर आपटून उलटा आला आणि तिच्या चष्म्यावर टणकला. जाड संरक्षक चष्मा होता म्हणून ओरखड्यावर निभावलं. पण गाडीत बसल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "आय ॲम डन, अब्बा." शाळेच्या टीममध्ये यायचं म्हणून जिवाचं रान केलेली मुलगी, पिस्तुलाचं नावही घेईना. तेव्हा छर्रा परत येऊच नये अशी पेटी आपणच बनवायची, असं मी ठरवलं. कोचबाई म्हणाल्या, आणा, पण आधी मी तपासणार.

पहिली पेटी लाकडाची केली आणि वाळूने भरली (या देशात वाळूला तरी तोटा नाही). लिफ्टमध्ये ओढत नेताना वॉचमनने विचारलं, "इसमें क्या है?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "गोली पकडने का डब्बा." त्याने लिफ्टच अडवली. बिल्डिंगचा मॅनेजर धावत आला, आणि मी जसजसा खुलासा करत गेलो तसतसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी हमीदा खाली आली, कोचबाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तुम्ही आता काही बोलू नका." एवढ्यात पेटीचा तळ सुटला. लिफ्टमधली वाळू मी आणि वॉचमनने मिळून उपसली. (माणूस चांगला आहे, केरळचा आहे.)

दुसरी पेटी हलकी केली. मागे तिरका पत्रा, म्हणजे छर्रा खाली वळेल, आणि पुढे जाड कापडाच्या घड्या. कोचबाईंनी सगळ्यांना मागे उभं केलं आणि स्वतः नेम धरला. 'टप्' एवढाच आवाज आला, परत काही आलं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा छर्रे झाडून पाहिले. सफा लांब उभी राहून बघत होती. मग पुढे आली, चष्मा लावला आणि म्हणाली, "ओन्ली वन शॉट." आपा, क्लब बंद होईपर्यंत ती जागची हलली नाही. मी मागच्या बाकावर मोबाईल बघत बसलो होतो, दिसत काहीच नव्हतं. हमीदाला सांगितलं, मला सर्दी झाली आहे.

तुझा,
यूनुस

ता. क. हमीदा तुझ्या कोकमांची आठवण काढते.

ता. क. पण काही पाठवायचंच असेल तर कोकमं राहू देत, गोधडी पाठव. आमच्या निकाहाला तू शिवलेली गोधडीच त्या पेटीत आहे. हमीदाला वाटतंय ती ड्रायक्लीनिंगला गेली आहे. सफाचा एकही छर्रा शेवटच्या थरापर्यंत पोचलेला नाही, इतके तुझे टाके घट्ट आहेत. आता कोचबाईंना बाजूच्या लेनसाठीही अशीच एक पेटी हवी आहे. तेव्हा दोन पाठव.