मॉनिटर वाजला नाही

९ फेब्रुवारी
ठकू गेली.
पाच महिन्यांची. नाव वेगळं होतं, पण तिची आई ठकूच म्हणायची. हृदयातलं छिद्र आमच्या सर्जन सरांनी परवा सुरेख बुजवलं. भूल मीच दिली होती. मग नेहमीप्रमाणे मोठ्यांच्या आयसीयूत — लहान मुलांचा वेगळा अजून झालेलाच नाही! मॉनिटरची धोक्याची घंटा मोठ्यांच्या आकड्यांवर लावलेली. ऑक्सिजन मोजायचा चिमटासुद्धा मोठ्यांच्या बोटाचा, तो कधीच निसटला होता. दुपारी श्वासाच्या नळीत कफ अडकला. ठोके उतरत उतरत सत्तरवर आले. बाळाच्या जिवावर बेतणारा आकडा, पण मोठ्या माणसाला उत्तम. मॉनिटर गप्प. सिस्टर पलीकडच्या आजोबांपाशी.
मी धावत पोचले तेव्हा ओठ निळे पडले होते. पुष्कळ खटपट केली...
बाहेर आले तर तिची आई दुधाची वाटी झाकून उभी. "ताई, जागी झाली का हो?"

१० फेब्रुवारी
डबा तसाच घरी परत आणला.

१२ फेब्रुवारी
मीटिंग. "सिस्टरचा निष्काळजीपणा." झालं, मोकळे! ती बिचारी मान खाली घालून उभी. मला राहवेना. म्हटलं, "सर, हे पहिलं मूल नव्हे. वेगळा आयसीयू होईपर्यंत बाळांची ऑपरेशनं थांबवा."
सर शांतपणे म्हणाले, "अगं, मग या मुलांनी जायचं कुठे?"
तेही खोटं नाही. म्हणूनच जास्त त्रास होतो.
बाहेर पडल्यावर हाडांचे डॉक्टर कानाशी लागले — "छान बोललात हं!" आत मात्र तोंडाला कुलूप.

१३ फेब्रुवारी
माझी आई म्हणते, "ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांच्यावरच उलटलीस?"

२० फेब्रुवारी
सरांनी पुढचं बाळ ऑपरेशनला घेतलं. मी भूल द्यायला नकार दिला. दुसऱ्यांनी दिली. बाळ सुखरूप. जिन्यात सर म्हणाले, "बघ!" एवढंच.
बाळ वाचलं म्हणून जीव भांड्यात पडला. तरी घरी येईपर्यंत रडत होते. कशासाठी, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी
आरोग्य खात्यात जाऊन सगळं सांगून आले. तिथून ठकूच्या घरी. एक खोली, दोरीवर अजून तिची झबली. मॉनिटरचं समजावून सांगितलं. तिच्या आईने दोरीवरचं एक झबलं ओढून घेतलं.
"म्हणजे वाचली असती?"
हो म्हणाले. बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं.
खरं बोलून हलकं वाटतं म्हणतात. छे!

६ मार्च
हॉस्पिटलचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. माझी चौकशी! आयसीयूची नव्हे. सिस्टरला कायमचं काढलं. नवरा म्हणाला, "चला, निदान तुझ्या हातचा चहा मिळेल." हसवायला म्हणाला. हसले.

११ मार्च
सरांचा फोन. आवाज ओळखूच आला नाही. लेकीला मुलगी झाली आहे, हृदयात दोष निघाला, ऑपरेशन लागेल.
"तू... तू असतीस तर कुठे नेलं असतंस?"
लहान मुलांचा वेगळा आयसीयू कुठे आहे ते सांगितलं. तिथल्या डॉक्टरांचा नंबर दिला. वाटेत काय सांभाळायचं तेही सांगितलं.
मग विचारलं, "आणि इथलं पुढचं बाळ, सर?"
"ते उद्या इथेच घेतोय," म्हणाले.