आढ्याची चार कवेलू

महाल, नागपूर
२१ मे १९७४

ति. सौ. सिंधूताईस वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही जिवंत आहोत. पारा सेहेचाळीसवर असताना याहून जास्त लिहिणं म्हणजे फुशारकी होईल. तू सुचवलेली उमरेडची मंडळी रविवारी आमच्या शामलाला पाहून गेली. पाहून म्हणजे, डोळे उघडे होते तोवर.

झालं असं. आमची वरची खोली म्हणजे भट्टी. पाहुणे उकडून निघाले तर स्थळ हातचं जाईल, या काळजीने आमची (म्हणजे तुझ्या भावजयीची) झोप उडालेली. शामलाने बी.एस्सी.चं पुस्तक काढून मला समजावलं, बाबा, गरम हवा हलकी होऊन वर चढते. तिला वरून वाट करून द्या, की खालची गार हवा आपोआप तिच्या जागी येते. मला पटलं. (मला फार लवकर पटतं, हे तू लहानपणापासून सांगत आलीस.) मी छपराची आढ्याजवळची चार कवेलू काढली, झळा नकोत म्हणून खिडक्या लावल्या आणि जिन्याचं दार सताड उघडलं. खाली घरमालकीण रुख्माबाईंकडे वाळ्याचे पडदे. तिथली हवा खरंच वर यायला लागली. पाहुणे खूश. मुलाचे मामा तर म्हणाले, खोली असावी तर अशी! मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात रुख्माबाईंनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या, अगदी जिन्याखाली. नियम तो नियम. हवा मिरच्यांसकट वर आली. मामा खोकतायत, मुलगा शिंकतोय, मुलाची आई 'तुमची मुलगी' एवढंच बोलून पुन्हा पदरात तोंड खुपसतेय. रुख्माबाई खालून विचारतात, “काहून खोकून राहिले गा पाहुणे? पाणी देऊ काय?” मंडळी पोहे टाकून गेली. आज नकार आला. ही माझ्याशी बोलत नाही. घरात गारवा म्हणशील तर तेवढाच.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
वामन

ता.क. रुख्माबाई खरं तर सोमवारी भाजणार होत्या. रविवारीच भाजा, पाहुणे बसले की लगेच, असं त्यांना शामला सांगून आली होती. कळल्यावर मी भयंकर संतापलो. मग जेवताना हसूच आवरेना.

ता.क. २ : तिला एम.एस्सी. करायचंय. विचारलं तर रडली, आणि या वेळी मिरच्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, ताई. हिला सांगायची माझी छाती नाही. तू ये, आणि तुझीच कल्पना म्हणून सांग. मी थोडा विरोध करीन. मनावर घेऊ नकोस.