लाल दोऱ्याचा टॅप

ईश्वरी,

मी बीडला चाललोय. पट्ट्याच्या स्क्रूसाठी आटे पाडताना राधाकिशनच्या फवारणी पंपाची टाकी माझ्या हातून खराब झाली. नवी आणतो. उद्या त्याला कपाशी फवारायची आहे. उशीर झाला तर एसटीडीवाल्याकडे फोन करीन.

आटे पाडायचे आपले दोन्ही टॅप सारख्याच जाडीचे आहेत. मोठ्या आट्यांचा प्लास्टिकला, बारीक आट्यांचा लोखंडाला. त्यांवरचे नंबर मला दिसत नाहीत, म्हणून तुझ्या आईने एकाला लाल, एकाला पांढरा दोरा बांधला होता. मागितला की तीच काढून द्यायची. लाल कशाचा, हे मी कधी विचारलंच नाही. काल लाल घेतला आणि प्लास्टिकचा नुसता भुगा झाला. म्हणजे लाल लोखंडाचा म्हणावा, तर भोकच मोठं पडलं असेल असंही वाटतं.

राधाकिशन म्हणाला, "वहिनी असत्या तर लई बोलल्या असत्या बे तुला."

तू नंबर वाचून, कोणता कशाचा ते मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही टॅपना कागद चिकटव. भाकरी झाकून ठेवली आहे.

दोरे मात्र सोडू नकोस. गाठी तिने मारलेल्या आहेत.

अप्पा